मोटर भरता येते का, हे कुणी विचारलंच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नोकरी करणाऱ्या तरुणांच्या लपलेल्या गुणांवर वाचकांची पत्रं येताहेत. मी ती आवडीनं वाचते. कुणी बँकेत असून बासरी वाजवतं, कुणी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून रात्री केक करतं, कुणी सुट्टी मिळाली की देवगिरी नाहीतर अंतूरचा किल्ला गाठतं. सगळ्यांचं कौतुकच आहे. पण एक गोष्ट खटकत राहते. लपलेला गुण म्हणजे कामावरून सुटल्यावर करायची गोष्ट, असं सगळ्यांनीच धरून चाललंय. माझ्या बाबतीत जे लपलेलं होतं ते कामाचंच होतं. ते लपलं, कारण कामाच्या ठिकाणी कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं घरी कधी कुणाला वाटलंच नव्हतं.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम करते, बजाजनगरात खोली घेऊन राहते. गाव अंबड, जिल्हा जालना. मत्स्योदरी देवीचं अंबड म्हटलं की जुन्या माणसांना लगेच कळतं, कंपनीतल्या पोरांना मोसंबीचं अंबड सांगावं लागतं.

अंबडला आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरायचं, दुकान आहे. पत्र्याचं शेड, पुढे जळालेल्या मोटरींची रांग, प्रत्येकीवर खडूनं शेतकऱ्याचं नाव, गाव आणि एचपी. आत शिरलं की व्हर्निशचा वास नाकात बसतो. बाहेरच्या माणसाला तो उग्र वाटतो, मला अजून त्या वासानं भूक लागते, कारण शाळेतून थेट दुकानातच यायचं आणि डबा तिथेच उघडायचा. बोर्डावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं ‘अँड सन्स’ लिहून घेतलंय. तेव्हा माझा भाऊ रांगत होता. आज तो संभाजीनगरात अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देतोय आणि घरचा फ्यूज गेला तरी मला फोन करतो.

मोटर आली की अण्णा आधी फक्त उघडून बघायचे. हात नाही लावायचे. शेतकरी शेजारी उभा राहून ‘मिस्त्री, मागच्या साली तुम्हीच भरली होती’ म्हणत असायचा. अण्णा त्याला वाकायला सांगून दाखवायचे. स्टार जोडणीच्या मोटरीत तीनपैकी दोन फेजच्या कॉइली कोळसा झालेल्या आणि तिसरी नव्यासारखी चकचकीत असेल, तर एक फेज गेल्यावर मोटर तशीच चालू राहिलेली. ‘डीपीवरचा फ्यूज बघा आधी, मग मला बोला.’ सगळीच सारखी काळी पडली असेल तर व्होल्टेज कमी होतं, नाहीतर पंप जाम झाला होता. आणि सगळं ठीक असून एकाच जागी टाचणीएवढा काळा डाग असेल, तर मात्र अण्णा गप्प व्हायचे. तो डाग म्हणजे भरणाऱ्याची चूक. तार आणि लोखंड यांच्यामधला पेपर कुठेतरी फाटलेला, तार लोखंडाला लागलेली. अशी मोटर ते फुकट भरून द्यायचे आणि रात्री जेवताना बोलायचे नाहीत.

दुकान अण्णांचं म्हणून ओळखलं जातं, पण निम्मं काम आई करायची. फॉर्म्यावर तार गुंडाळणं तिचं. हातानं फिरवायचं, तोंडात आकडा. मध्येच कुणी हाक मारली तर नुसता डावा हात वर करायची, म्हणजे थांबा. वेढे पूर्ण झाले की मगच ‘काय गं?’ एखादा वेढा कमी-जास्त झालाय असं अण्णांनी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. पेपर कापणं तिचं, खाचेत तो बसवणं तिचं, कॉइलींची डोकी दोऱ्यानं बांधणंही तिचंच. पाणबुडी मोटर भरताना आम्ही दोघी लागायचो. तिचा स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, लांबलचक नळकांड्यासारखा, त्यातल्या अरुंद खाचांतून प्लास्टिकचं आवरण असलेली तार इकडून तिकडे ओवायची असते. आई एका टोकाला बसायची, मी दुसऱ्या. ती तार ढकलायची, मी ओढून पुढच्या खाचेतून परत द्यायची. तार जरा खरवडली तरी मोटर पाण्यात उतरवल्यावर गेलीच समजा. त्यामुळे ओढायची कशी, कुठे सैल सोडायची, बोटाला काय लागलं की थांबायचं, हे सगळं मला पाढे यायच्या आधी येत होतं. आईचं नाव बोर्डावर नाही, पावतीवर नाही, कुठेच नाही. शेजारच्या बायका विचारायच्या, ‘तुम्ही घरीच असता का?’ आई म्हणायची, ‘हो, घरीच.’

एक गोष्ट लिहू की नको असं वाटतंय, पण लिहिते. दुष्काळात आमच्या घरात पैसा यायचा. पाणी खाली गेलं की मोटर कोरडी चालते आणि जळते. बोअर आणखी खोल नेलं की जास्त एचपीची मोटर लागते. गावातल्या सगळ्यांनीच मोठ्या मोटरी टाकल्या की त्याच डीपीवर व्होल्टेज पडतं आणि आणखी मोटरी जळतात. २०१२-१३च्या दुष्काळात मी दहावीला होते. तेव्हा दुकानाबाहेर मोटरी ठेवायला जागा नव्हती. लोक टँकरच्या पाण्यावर मोसंबीची झाडं जगवत होते. रात्री दोनला लाइट यायची म्हणून जागत होते आणि सकाळी जळालेली मोटर छकड्यात घालून आणत होते. अण्णा उधारीच्या वहीत लिहून घ्यायचे, कुणाला परत पाठवायचे नाहीत. त्या वर्षी माझ्या क्लासची फी एकरकमी भरली गेली. पुढच्या उन्हाळ्यात दुकान रिकामं. बागाच तोडून जळणाला गेल्या होत्या, मोटर कशाला भरायची? वहीतली कितीतरी नावं अजून तशीच आहेत.

डिप्लोमाला ब्रँच निवडायची वेळ आली तेव्हा मी इलेक्ट्रिकल म्हणाले. अण्णा म्हणाले, ‘जन्मभर जळालेल्या मोटरीच बघशील काय? मेकॅनिकल घे. वाळूजला सगळं गिअर आन् शाफ्टचंच काम आहे.’ त्यांचं म्हणणं तेव्हा चुकीचं नव्हतं. १९८५ला बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या भागांच्या लहान-मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आमच्याकडच्या दोन पिढ्यांनी ‘कंपनीत आहे’ एवढ्या शब्दावर लग्नं जमवली. मी मेकॅनिकल केलं, मग डिग्री केली. बायोडेटात आवडीनिवडींसमोर ‘वाचन, प्रवास’ लिहिलं. प्रवास म्हणजे अंबड ते जालना एसटी. मोटर भरता येते हे लिहावं असं मनातही आलं नाही. शेणाच्या गोवऱ्या थापता येतात हे कुणी बायोडेटात लिहितं का?

पहिली काही वर्षं गिअरवर गेली. हॉबिंगवरून, म्हणजे दाते पाडायच्या मशीनवरून, आलेला गिअर घ्यायचा, रनआऊट म्हणजे फिरताना किती डगमगतो ते बघायचं, दाताचं प्रोफाइल बघायचं, हीट ट्रीटमेंटनंतर किती वाकला ते बघायचं. काम मला आवडायचं. मग ऑर्डरी हलायला लागल्या. विजेवरच्या स्कूटरला आणि रिक्षाला क्लच नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, गिअरही नावापुरते. हे सगळं पेपरात वाचलेलं होतं, पण आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मशिनींच्या दालनात, त्याचा अर्थ असा झाला, की एक शिफ्ट बंद झाली आणि दोन हॉबिंग मशिनींवर प्लास्टिक टाकून ठेवलं. वीस-वीस वर्षं त्या मशिनींवर काढलेली माणसं चहाच्या वेळी प्लास्टिक उचलून आत बघायची. शॉपच्या दुसऱ्या टोकाला मोटरच्या स्टेटरची नवी लाइन बसली. तिथे कोण जाणार हा प्रश्न आला तेव्हा जुने लोक मागे सरले. त्यांचं बरोबरच होतं, नव्या लाइनवर ते पुन्हा शिकाऊ होणार होते. मला पाठवलं, कारण मी नवखी, बदलायला सोपी.

इथे एक साफ सांगते, नाहीतर कुणाला वाटेल अंबडच्या दुकानात विजेची गाडी तयार होते. गाडीची मोटर वेगळी. रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक असतात, तिला चालवायला कंट्रोलर लागतो, आणि वाइंडिंग मशीन करतं. सुई भराभर फिरते, वेढे मोजणं तिचं, ताण धरणं तिचं. माझ्या आईला जे भरायला अर्धा दिवस लागेल ते मशीन चहा होईपर्यंत करून टाकतं. आईच्या हाताच्या वेगाला तिथे काही किंमत नाही. पण मशीनला भरता येतं. बिघडलं की का बिघडलं, ते मात्र सांगता येत नाही.

लाइन सुरू होऊन स्थिरावत होती तेव्हाची गोष्ट. तयार स्टेटर हायपॉट टेस्टला नापास व्हायला लागले. या टेस्टमध्ये तार आणि लोखंड यांच्यात मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन कुठे गळती आहे का बघतात. हिरवा दिवा म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार. रोज थोडे-थोडे लाल. मीटिंगा सुरू झाल्या. तारेवरचं इनॅमलचं आवरण खराब आहे, असं एक मत. तार पुरवणारा आपले रिपोर्ट घेऊन आला आणि सुईच तार खरवडते म्हणाला. मशीनवाला म्हणाला, आमची सुई तपासा. तपासली, ठीक होती. मग हवेतल्या दमटपणावर चर्चा झाली. वाळूजला, तेही एप्रिलमध्ये.

मी जेवणाच्या सुट्टीत एक नापास स्टेटर घेतला आणि कटरनं त्याची तार कापून काढली. आत तेच दिसलं, टाचणीएवढा काळा डाग. खाचेच्या तोंडाशी, पेपर जिथे बाहेर येऊन दुमडतो तिथे. दुसरा कापला, तिसरा कापला. डाग प्रत्येक वेळी स्टेटरच्या एकाच बाजूला. मग तार न भरलेला कोरा स्टॅक घेतला आणि खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं नखाला किंचित लागतंय. बर. स्टेटर म्हणजे पोलादाच्या पातळ पत्र्यांची चवड. पत्रा डायमध्ये, म्हणजे कापायच्या साच्यात, पंच होतो तेव्हा त्याच्या एका अंगाला बारीक धारदार कंगोरा राहतो, तोच बर. डाय बोथट झाली की बर वाढतो. सगळे पत्रे एकाच दिशेनं रचलेले, म्हणून शेवटच्या पत्र्याचा बर एकाच टोकाला उघडा पडत होता आणि पेपर कापत होता. पत्रा येताना तपासला जायचा, पण सुटा. रचून झाल्यावर कुणी बोट फिरवत नव्हतं.

आई फिरवायची. पेपर घालण्याआधी प्रत्येक खाचेच्या दोन्ही तोंडांवरून करंगळीशेजारचं बोट, कारण तर्जनी-अंगठ्याला तार ओढून घट्टे पडलेले असतात, त्यांना बारीक लागत नाही. लागलं की कानस मारायची. मला हे कुणी शिकवलं नाही, मी बघत बसलेली असायची एवढंच.

पुरवठादारानं डायला धार लावून घेतली, आमच्याकडे रचलेल्या स्टॅकची तपासणी सुरू झाली, लाल दिवे जवळजवळ थांबले. साहेबांनी विचारलं, ‘कुठे शिकलात?’ मी म्हटलं, ‘अंबडला.’ त्यांना वाटलं तिथे काही इन्स्टिट्यूट आहे. त्या महिन्याच्या काइझेनचं, म्हणजे कामातल्या सुधारणेचं, प्रशस्तिपत्र आणि पाण्याची स्टीलची बाटली मिळाली. बाटली चांगली आहे, पाणी थंड राहतं.

आता मूळ मुद्दा. आमच्या शॉपमध्ये भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं. डावीकडे नावं, वर कामं, आणि प्रत्येक चौकटीत एक गोल, त्याचे चार भाग. काम शिकतोय तर एक पाव काळा, देखरेखीखाली करतो तर दोन, स्वतः करतो तर तीन, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण काळा. माझ्या नावासमोर ‘वाइंडिंग’खाली जो गोल आहे तो त्या सगळ्या प्रकारानंतरही कोरा होता. मी एचआरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे का? ऑडिटर पुरावा मागतो.’ त्यांचा दोष नाही. गाड्यांच्या धंद्यात आयएटीएफ १६९४९ हे मानक पाळावं लागतं, त्यात माणूस कामाला लायक आहे याची नोंद दाखवावी लागते, आणि नोंद म्हणजे कागद. पुढे दोन दिवसांचं एक ट्रेनिंग झालं, स्लाइड बघितल्या, शेवटी वीस प्रश्नांचा पेपर सोडवला, एक पाव काळा झाला. आईच्या दुकानातली सगळी वर्षं त्या कोऱ्या भागात आहेत.

मी निदान इंजिनिअर आहे, माझा गोल आज ना उद्या भरेल. पॅकिंगला कॉन्ट्रॅक्टवर एक मुलगा होता, भोकरदन तालुक्यातला. खोके भरायचे, सुतळीनं बांधायचे, गाडीत चढवायचे, एवढं काम. एकदा डिस्पॅचजवळून जाताना त्यानं बांधलेलं खोकं बघितलं आणि थांबले. दर वेढ्याला दोरा मागच्या फासातून काढून आवळत नेलेला, म्हणजे एक गाठ तुटली तरी बाकीची जागची हलत नाहीत. कॉइलींची डोकी अशीच बांधतात. सुतळीला अशी गाठ कुणी मारत नाही, उगाच वेळ जातो. मी विचारलं, ‘मोटरी भरल्यात का रे?’ तो घाबरलाच, त्याला वाटलं काही चुकलं. मग म्हणाला, ‘मामाचं दुकान हाय मॅडम. सातवीपास्नं बसतो.’ सिंगल फेज, थ्री फेज, पाणबुडी, सगळं भरलेलं. आमच्या स्टेटर लाइनपासून शंभर पावलांवर तो खोकी बांधत होता, आणि लाइनवर माणूस मिळत नाही म्हणून आम्ही पुण्यात जाहिरात देत होतो. त्याला स्टेटरच्या लाइनवर घ्या म्हणून मी सांगितलं. सगळ्यांना पटलं. कागद फिरेपर्यंत त्याचा कॉन्ट्रॅक्टचा ब्रेक आला, म्हणजे मुदत संपली. आता तो चाकणला आहे. पॅकिंगलाच.

या पार्श्वभूमीवर ‘मराठवाड्यात कुशल मनुष्यबळ मिळत नाही’ हे वाक्य मी वाचते तेव्हा माझं डोकं फिरतं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून जवळपास दहा हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहतेय. २०२४मध्ये एथरनं इथे विजेच्या स्कूटरींच्या कारखान्याची घोषणा केली, त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी करार केला. येऊ देत, आणखी येऊ देत, आमची जमीन, आमचं पाणी गेलंय त्यात. पण या कारखान्यांच्या बऱ्याच गाड्या मोटरीवर चालणार, आणि मोटर आतून कशी असते हे माहीत असलेली माणसं अंबड, परतूर, गेवराई, माजलगाव, वसमत, कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली आहेत. विहिरी, बोअर आणि पडकं व्होल्टेज यांनी हा धंदा आमच्याकडे गल्लोगल्ली वाढवला. दुष्काळी भागाला कधी काही मिळालं असेल तर ही एवढी एक कारागिरी.

आणि तीही आता ओसरत चाललीय. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. पाच वर्षं दुरुस्तीची हमी. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सोन्यासारखी गोष्ट आहे, रात्री साप-विंचवात पाणी द्यायला जाणं वाचतं, अण्णासुद्धा हेच म्हणतात. पण पंप बिघडला तर कंपनीचा माणूस येतो, मिस्त्रीकडे कुणी येत नाही. हंगामात दुकानापुढची रांग यंदा चार-दोन मोटरींची होती. अण्णांनी एक सौर पंपाचा कंट्रोलर कुठूनतरी मिळवून उघडला. आत सगळं काळ्या लाखेसारख्या थरात गाडलेलं. ‘हे उघडायसाठी केलेलंच नाही,’ म्हणाले, आणि तरी दोन दिवस खरवडत बसले. मी गिअरवरून मोटरीवर आले, अण्णा मोटरीवरून कशावर जाणार ते त्यांना कुणी सांगत नाही.

त्यांना नोकरी द्या असं मी म्हणत नाही, साठीला आलेला माणूस शिफ्टला कसा जाईल? पण त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आहेत, आईसारख्या बाया आहेत. ज्याला काम आधीच येतं त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, आरपीएल म्हणतात तिला. ही परीक्षा तालुक्याच्या ठिकाणी, दुकानातच घ्या. पुढ्यात जळालेली मोटर ठेवा आणि विचारा, का जळाली. कॉम्प्युटरवर चार पर्यायांतला एक निवडायला लावलं तर माझी आई नापास होईल आणि मी तिच्या निम्मं काम येऊनही पास होईन. आणि कंपन्यांनो, भरतीच्या अर्जात एक ओळ वाढवा. घरचा धंदा काय, असं मात्र लिहू नका. आपल्याकडे तो प्रश्न म्हणजे जात विचारण्याची सभ्य तऱ्हा आहे आणि भोकरदनचा पोरगा तिथे खरं लिहिणार नाही. ‘हातानं काय काय करता येतं’, एवढंच विचारा. खाली दोन ओळी रिकाम्या सोडा. कॉन्ट्रॅक्टच्या मुलांच्या अर्जातही.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा अण्णांना आमच्या लाइनबद्दल सांगत होते. सुई, वेढे, टेस्ट, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं, ‘नापास झालेल्यांचं काय करता?’ म्हटलं, भंगारात देतो. तांब्याचा भाव चांगला आहे, लोखंड बहुधा आपल्याच जालन्याला सळईच्या भट्टीत जात असेल. ‘सगळ्या?’ सगळ्या. ‘एकबी कुणी उघडत नाही?’ मी सांगितलं, मी उघडते, कधीमधी. आई आतून म्हणाली, ‘मग दे की दोन आणून.’

देता येत नाहीत. नापास माल बाहेर गेला आणि कुणी तो दुरुस्त करून बाजारात विकला तर नाव कंपनीचं जाईल, ही भीती खरी आहे. पण स्टेटरवर कायमची खूण करून, रोटरशिवाय, तो आयटीआयला द्यायला काय हरकत आहे? इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला वाइंडिंग शिकवतात, पण मुलांच्या हातात जुन्या पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरी असतात. गाडीचा स्टेटर त्यांनी बघितलेला नसतो. मी कंपनीत तसा अर्ज दिलाय, तो विचाराधीन आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथल्या ज्या कारखान्यांत वाइंडिंगची लाइन आहे, त्यांच्यापैकी कुणी महिन्याला पाच-दहा नापास स्टेटर आयटीआयला द्यायला तयार असेल तर त्यांनी तुमच्या कचेरीत निरोप ठेवावा. पोचवायची व्यवस्था मी करते. अण्णांकडे मोटरी आणायचा छोटा टेम्पो आहे, सध्या तो रिकामाच उभा असतो. भाडं नको, डिझेलचं बघू.

कळावे,
आपली एक वाचक,
बजाजनगर, वाळूज

(नोकरी करते, म्हणून कृपया नाव छापू नये.)